लटका उपचार

गेल्या दिवाळीत आमच्या घरी कुंद्याचा डबा आला आणि आप्पांनी तो उघडला. बेळगावच्या माणसाने कुंद्याचा डबा उघडला यात नवल ते काय, असे आपण म्हणाल. परंतु आमच्या आप्पांना मधुमेह होऊन २२ वर्षे झाली आणि गेली सहा वर्षे ते सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचून घेतात. आईने हातातला चमचा काढून घेतला तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "राहू दे गं. आता आतड्यात वीज सोडून शुगर कायमची बरी करतात. इन्सुलिनसुद्धा बंद होतं. बातमी आलीय."

बातमी त्यांच्या मोबाइलवर आली होती. कुणी स्नेह्याने पाठविली होती, त्याला आणखी कुणी. आम्ही हसून विषय सोडून दिला. आम्हाला काय ठाऊक, की ती बातमी वाचल्यापासून आप्पांनी संध्याकाळचे इंजेक्शन घेणेच सोडले होते! "नाहीतरी ते बंदच व्हायचं आहे, शरीराला आधीपासून सवय असावी," हा त्यांचा हिशेब. भाऊबीजेनंतर चार दिवसांनी ते चक्कर येऊन बसले. साखर चारशेच्या वर गेलेली. दोन रात्री इस्पितळात काढून घरी आले तेव्हा त्यांनी मला जवळ बसवून विचारले, "तू कॉलेजात फिजिक्स शिकवतोस ना? मग सांग की मला, ती बातमी खरी की खोटी?"

मला एका शब्दात उत्तर देता येईना. ती बातमी खोटी असती तर बरे झाले असते. ती अर्धी खरी होती, आणि अर्धे सत्य पचवायला फार जड असते. उरलेले अर्धे कोठे आहे याचा शोध घेताना माझे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम विजेचे पाहू. विजेने शरीरातील नको असलेला भाग नष्ट करणे ही काही कालची गोष्ट नव्हे. १९२६ साली बोस्टन येथे हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने विल्यम बोव्ही यांनी तयार केलेले विद्युत् यंत्र मेंदूच्या शस्त्रक्रियेत वापरले, आणि तेव्हापासून रक्तस्राव थांबविण्यासाठी व गाठी जाळण्यासाठी वीज शस्त्रक्रियागृहात आली ती कायमचीच. परंतु ती वीज काम करते ती उष्णतेने. आपल्याकडे पूर्वी डागण्या देत, त्यांचेच हे सुधारलेले रूप म्हणा ना. उष्णतेचा दोष हा, की तिला तारतम्य नसते. पेशी, पेशींना धरून ठेवणारे तंतू, शेजारची रक्तवाहिनी, सारे ती सरसकट भाजून काढते. अन्नमार्गाची भिंत तर अवघी काही मिलिमीटर जाडीची. तेथे डागणी जरा खोल गेली की भोक पडलेच.

नव्या पद्धतीत वीज तीच, पण तिचे काम वेगळे. पेशीभोवतीचे आवरण सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे असते. अशी दोन लाख आवरणे एकावर एक रचली तर कोठे एक मिलिमीटर भरेल. या आवरणाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे एक व्होल्टचा फरक निर्माण झाला की त्यात सूक्ष्म छिद्रे पडू लागतात. एक व्होल्ट म्हणजे टॉर्चमधल्या एका सेलपेक्षाही कमी! पण पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने येथे भागाकार करून पाहावा. ५ नॅनोमीटरवर एक व्होल्ट, म्हणजे मीटरमागे २० कोटी व्होल्ट. एवढ्या ताणापुढे ते आवरण कसे टिकणार? त्यासाठी विजेचे जे ठोके द्यावयाचे ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांत मोजण्याइतके क्षणिक असतात. आम्ही त्यांना स्पंद म्हणतो. स्पंद इतके अल्पजीवी असल्यामुळे उष्णता साठायला फारसा अवधी मिळत नाही. अर्थात् ते बेसुमार दिले तर ऊब येतेच. म्हणून त्यांची संख्या व जोर यांचा हिशेब काटेकोर ठेवावा लागतो.

ताण बेताचा असेल तर ही छिद्रे पुन्हा बुजतात. १९८२ साली एबरहार्ड न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच वाटेने उंदराच्या पेशींत जनुके शिरविली, आणि आज जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही रोजची युक्ती झाली आहे. ताण अधिक असेल तर छिद्रे बुजत नाहीत आणि पेशी मरते. गंमत अशी, की पेशी मरते पण तिच्याभोवतीचा तंतूंचा सांगाडा बहुतांशी शाबूत राहतो. भाडेकरू गेला तरी घराच्या भिंती उभ्या राहाव्यात आणि नव्या बिऱ्हाडाने त्यात येऊन राहावे, तसेच हे. केवळ अशा स्पंदांनी ऊतक नष्ट करता येईल, हे दावालोस, मीर आणि रुबिन्स्की यांनी २००५ साली मांडले.

या गुणाचा उपयोग प्रथम ध्यानात भरला तो हृदयाच्या बाबतीत. हृदयाची लय बिघडली असता डाव्या कर्णिकेतील काही भाग निकामी करतात. या कर्णिकेच्या अगदी मागे अन्ननलिका टेकलेली असते. उष्णतेने काम करताना क्वचित् त्या अन्ननलिकेला इजा होऊन प्राणावर बेतते. हृदयाचे स्नायू या स्पंदांना लवकर बळी पडतात आणि अन्ननलिका पुष्कळशी बचावते, असे दिसून आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा दोन उपकरणांना २०२३ च्या डिसेंबरात आणि २०२४ च्या जानेवारीत परवानगी दिली. म्हणजे ज्या पद्धतीचा एक मोठा गुण अन्नमार्ग वाचविणे हा, तीच आता अन्नमार्गाच्या आत मुद्दाम नेली जात आहे.

ती तेथे कशासाठी न्यावयाची? जठर संपल्यावर लहान आतड्याचा जो पहिला, सुमारे २५ सेंटिमीटर लांबीचा भाग लागतो त्याला ड्युओडेनम म्हणतात. या लॅटिन नावात 'बारा' दडलेले आहेत. बारा बोटे शेजारी शेजारी ठेवली तर जेवढी लांबी होईल तेवढे हे आतडे. स्थूल माणसांवर जठर व हा भाग वगळून अन्नाची वाट बदलण्याची शस्त्रक्रिया करीत, तेव्हा शल्यविशारदांना एक चमत्कार दिसला. वजन घटण्याच्या कितीतरी आधी, काही दिवसांतच, रुग्णांची साखर उतरू लागे. अमेरिकेतील वॉल्टर पोरीस यांनी १९९५ मध्ये आपल्या रुग्णांचा दीर्घ अनुभव प्रसिद्ध केला. पुढे फ्रान्सेस्को रुबिनो यांनी २००४ व २००६ साली मधुमेही पण लठ्ठ नसलेल्या उंदरांवर प्रयोग करून दाखविले, की अन्नाला हा भाग टाळायला लावले तर साखर सुधारते. त्यावरून तर्क निघाला तो असा, की या भागाच्या अस्तरात काही बिघाड होतो आणि ते शरीराला चुकीचे निरोप धाडीत राहते. मग शस्त्रक्रियेने वाट बदलण्याऐवजी ते बिघडलेले अस्तरच काढून तेथे नवे येऊ दिले तर? आतड्याचे अस्तर मुळातच काही दिवसांत नवे होणारे. तोंडावाटे दुर्बीण घालून तिच्या सोबतीने विजेचे अग्र न्यायचे, स्पंद द्यायचे, जुन्या पेशी मरू द्यायच्या, सांगाडा राखायचा.

अॅमस्टरडॅम येथील विद्यापीठ रुग्णालयातील संशोधकांनी हे केले आणि २०२४ च्या ऑक्टोबरात व्हिएन्ना येथील युरोपीय परिषदेत त्याचा वृत्तांत सादर केला. इन्सुलिन घेणारे दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे १४ रुग्ण. त्यांपैकी १२ जणांचे इन्सुलिन सुटले. हीच आप्पांची बातमी.

आता बातमीत न आलेला भाग. त्या १४ जणांना केवळ वीज दिलेली नव्हती. प्रक्रियेनंतर दोन आठवडे त्यांना मोजका पातळ आहार होता. त्यानंतर सेमाग्लुटाइड नावाचे साखर व भूक दोन्ही उतरविणारे औषध दर आठवड्याला सुरू झाले. म्हणजे इन्सुलिन सुटले तरी औषध सुटले नव्हते. "कायमची बरी" हे शब्द कुठून आले ते बातमी पुढे धाडणाऱ्यांनाच ठाऊक. दुसरे असे, की वीज, आहार आणि औषध या तिघांनी मिळून जे यश मिळविले त्यात विजेचा वाटा किती? तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता. ही काही त्या संशोधकांची लबाडी नव्हे. पहिल्या पायरीवर, सुरक्षितता पाहण्यासाठी, असेच थोड्या लोकांवर काम करतात. उलट पुढची चाचणी आपण हाती घेतल्याचे त्यांनी त्याच वेळी जाहीर केले. तीत सर्वांना सेमाग्लुटाइड मिळावयाचे. परंतु काहींना खरे स्पंद, आणि काहींच्या पोटात नळी तेवढी जावयाची, वीज सोडावयाची नाही.

हे मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून उभी राहिली. "सर, आजारी माणसाला गुंगी द्यायची, घशातून नळी घालायची आणि काहीच न करता परत पाठवायचं, ही फसवणूक नाही का?" वर्गात कुजबुज झाली. प्रश्न बिनतोड होता आणि मी त्या दिवशी जे उत्तर दिले ते लंगडे होते. खरे उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो. माझे मत स्पष्ट आहे: असा लटका उपचार ही फसवणूक तर नव्हेच, तो न करता नवा उपचार बाजारात आणणे हीच रुग्णांची मोठी फसवणूक होय.

पुरावा याच ड्युओडेनमच्या इतिहासातला देतो. १९६२ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील ओवेन वँगेनस्टीन या नामांकित शल्यविशारदांनी ड्युओडेनममधील व्रणांवर, ज्याला आपण अल्सर म्हणतो, एक युक्ती काढली. रुग्णाच्या जठरात फुगा सोडावयाचा आणि त्यातून शून्याखाली सुमारे १० अंशांपर्यंत थंड केलेले अल्कोहोल खेळवावयाचे. जठर गारठले की आम्ल कमी पाझरेल आणि व्रण भरेल, हा तर्क. चाकू नाही, टाके नाहीत. रुग्ण सांगू लागले, दुखणे पळाले. यंत्रे खपली आणि हजारो रुग्णांची जठरे गोठविली गेली. मग काही डॉक्टरांनी एक रीतसर चाचणी घेतली. तिचा निकाल १९६९ साली आला. ८२ रुग्णांचे जठर खरोखर गोठविले. ७८ जणांच्या जठरात फुगा गेला, पण थंडावा पोहोचू दिला नाही. गोठविलेल्यांपैकी २८ जणांना बरे वाटले, म्हणजे शंभरात ३४. न गोठविलेल्यांपैकी ३० जणांना, म्हणजे शंभरात ३८! ती पद्धत तेथेच संपली. परंतु मधल्या सात वर्षांत जे हजारो लोक त्या यंत्राखाली गेले आणि ज्यांतील काहींना त्यातूनच जठराला इजा झाली, त्यांचे काय? त्यांना कुणी लटका उपचार दिला नाही; सर्वांना "खराच" दिला. अधिक फसवणूक कोणाची झाली? पुढे १९८२ मध्ये बॅरी मार्शल व रॉबिन वॉरेन यांना या व्रणांमागचा जिवाणू सापडला, त्यांना २००५ चे नोबेल मिळाले, आणि अल्सर गोळ्यांनी बरा होऊ लागला.

कुणी म्हणेल, ही जुन्या काळची गोष्ट. तर अलीकडची घ्या. मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या नसा विजेच्या उष्णतेने निकामी करून रक्तदाब उतरविण्याची पद्धत निघाली. २०१० सालच्या चाचणीत रक्तदाब सहा महिन्यांत तब्बल ३२ अंकांनी उतरल्याचे दिसले. त्या चाचणीत लटका उपचार नव्हता. २०१४ सालच्या मोठ्या चाचणीत तो ठेवला. खऱ्या उपचाराने रक्तदाब सुमारे १४ अंकांनी उतरला आणि लटक्याने सुमारे १२! आपली काळजी घेतली जात आहे या जाणिवेने, गोळ्या नियमित घेतल्याने, आणि वाढलेला आकडा पुढच्या खेपेस आपसूकच थोडा खाली येतो या नियमाने, एवढी मजल जाते. मात्र तेथेच गोष्ट संपली नाही. संशोधकांनी यंत्र सुधारले, चाचण्या सुधारल्या, लटक्या उपचाराशी पुन्हा तुलना केली, आणि तेव्हा बेताचा पण खरा फरक दिसला. २०२३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. लटका उपचार नव्या कल्पनेचा वैरी नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. "मग इन्सुलिनची परीक्षा कुणी लटके इंजेक्शन देऊन केली होती?" आक्षेप रास्त आहे. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटोमध्ये लेनर्ड थॉम्प्सन हा १४ वर्षांचा मुलगा मरणपंथाला लागला असताना त्याला इन्सुलिन टोचले. पहिले इंजेक्शन अशुद्ध होते, फारसे लागू पडले नाही. बारा दिवसांनी शुद्ध केलेले दिले आणि मुलगा सावरला. त्या काळी या प्रकारच्या मधुमेहाची मुले वाचतच नसत. जेथे मरणारा उठून बसतो तेथे तुलनेला दुसरा गट लागत नाही. आधीच्या साऱ्या थडग्यांशीच तुलना होते. पण आप्पांच्या साखरेचे तसे नाही. ती लग्नसराईत चढते, श्रावणात उतरते, मुलगी माहेरी आली की चढते, डॉक्टर रागावले की उतरते. अशा चंचल आकड्यातून विजेचा वाटा निराळा काढावयाचा तर लटक्या उपचारावाचून दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

तरीही त्या विद्यार्थिनीचा प्रश्न मी निकालात काढीत नाही. नळी घालण्यात व गुंगी देण्यात धोका थोडा असला तरी असतो, आणि लटक्या गटातल्या माणसाला त्याचा मोबदला काही नाही. म्हणून अशी चाचणी थोडक्यात थोड्या लोकांवर व्हावी आणि त्रयस्थांची तिच्यावर देखरेख असावी. सर्वांत मुख्य म्हणजे माणसाला आधी सारे समजले पाहिजे. फसवणूक आणि लटका उपचार यांतली सीमारेषा हीच आहे. मुली लुटुपुटीचा भात रांधतात तेव्हा कुणी कुणाला फसवीत नाही, कारण खेळ काय आहे ते सर्वांना माहीत असते. चाचणीत शिरणाऱ्याला आपण कोणत्या गटात आहोत हे कळत नाही, पण दोन गट आहेत आणि आपण दुसऱ्यातही असू शकतो हे त्याला सही करण्यापूर्वी माहीत असते. असले पाहिजे.

आणि येथे प्रश्न हॉलंडचा उरत नाही, आपला होतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज निघाला. आणि चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात प्रमाण सर्वांत जास्त, शंभरात २६ हून अधिक. एवढे रुग्ण जेथे आहेत तेथे नवी यंत्रे येतील, चाचण्या येतील आणि जाहिरातीही येतील. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीतील माणसाला समजेल अशा भाषेत संमतीपत्र असले पाहिजे. पण समजेल अशी भाषा करावयाची कुणी? आम्ही विज्ञान इंग्रजीत शिकवितो, तुम्ही इंग्रजीत लिहून गुण मिळविता, आणि घरी आप्पा मोबाइलवर आलेले मराठी वाचून इंजेक्शन बंद करतात. या तुटलेल्या दुव्याला आपण सर्वजण जबाबदार आहोत, मी पहिला.

लटक्या उपचाराला मराठीत काय म्हणावे याचा मी बराच विचार केला. 'खोटा' म्हटले की मनात पाप येते. 'लटका' मला बरा वाटतो. त्यात कपट नाही. आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम कन्नड विभाग पाहतात. त्यांना विचारले तर त्या म्हणाल्या, कन्नडमध्ये 'हुसी' म्हणता येईल, पण तुमचा प्रश्न आमच्याकडेही तसाच आहे. या अंकाच्या दोन्ही विभागांत लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढे काम अंगावर घ्यावे: आपल्या घरात अशी बातमी आली की चार प्रश्न विचारून ते घरच्या भाषेत समजावून सांगावेत. किती जणांवर केले? तुलनेला दुसरा गट होता काय? सोबत आणखी कोणता उपचार चालू होता? आणि किती दिवस पाहिले? यासाठी वैद्यक शिकावे लागत नाही.

आप्पा आता दोन्ही वेळची इंजेक्शने घेतात. मी त्यांना ही सारी हकीकत सांगितली. १४ रुग्ण, पातळ आहार, औषध, लटका उपचार, सर्व काही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे ती तुलना होईपर्यंत कुणालाच नक्की ठाऊक नाही, असं म्हण की."

"होय," मी म्हणालो.

"मग तेवढं छापायला काय होतं या लोकांना?"

म्हणून मी ते येथे छापायला दिले आहे.